बॉनेटची केबल : उघडतंय तोवर बदला

(पॉडकास्टच्या भागाचं हे शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे. भाषा शक्यतो बोलण्यातलीच ठेवली आहे.)

आजचा विषय तसा किरकोळ आहे. सर्व्हिसिंगच्या बिलात तो कधी दिसत नाही, आणि गाडी विकत घेताना कुणी त्याबद्दल विचारतही नाही. मागे कोकणातल्या एका श्रोत्यांचा व्हॉइस मेसेज आला होता. त्यांची गाडी मारुती ८००, १९९९ सालची, घरातली पहिली गाडी. पंधरा वर्षं झाल्यावर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते, हे तुम्हाला माहीत असेलच. त्यासाठी त्यांची आरटीओची तारीख चार दिवसांवर आली होती आणि बॉनेट उघडत नव्हतं. लेव्हर ओढली की नुसतीच सैल हातात येत होती. बऱ्याच जुन्या गाड्यांचा चासी नंबर बॉनेटच्या आत असतो, म्हणजे बॉनेट बंद तर तपासणीही अडली. गावातल्या एकाने सल्ला दिला की पुढची जाळी फोडा. "फोडू का?" असं ते मला विचारत होते.

फोडू नका, असं मी कळवलं. बॉनेट शेवटी कसं उघडलं ते पुढे सांगतोच. पण ही वेळ का येते ते आधी बघू, कारण ती एका दिवसात येत नाही. वर्षभर आधीपासून गाडी सांगत असते.

पहिला प्रश्न असा की बॉनेट उघडलं नाही तर एवढं बिघडतं काय? बॅटरी उतरली तर जंपर केबल कुठे लावणार? इंजिन तापलं तर कूलंट कुठे ओतणार? ऑइल बघायचं तरी बॉनेट उघडायलाच हवं. भर मे महिन्यात, घाटात, मागे ट्रक हॉर्न देतायत, टेंपरेचरचा काटा लालमध्ये गेलाय आणि बॉनेट बंद. अशा वेळी तुमच्या हातात काहीच नसतं. याच्या उलटा धोका जास्त मोठा आहे. लॉक नीट बसलेलं नाही आणि ऐंशीच्या वेगात वाऱ्याने बॉनेट उचललं गेलं, तर ते थेट समोरच्या काचेवर येतं आणि रस्ता दिसायचा बंद होतो. म्हणजे या एका तारेकडून आपल्याला दोन गोष्टी हव्या असतात: ओढली की सुटायला हवं आणि ओढली नाही तर अजिबात सुटता कामा नये.

आता हे चालतं कसं? सायकलचा ब्रेक डोळ्यांसमोर आणा. आत पिळाची पोलादी तार, तिला गॅरेजमध्ये 'इनर' म्हणतात. तिच्यावर नळीसारखं आवरण, ते 'आउटर'. आउटर म्हणजे नुसतं प्लास्टिक नसतं, आत पोलादी तारेचं घट्ट वेटोळं असतं आणि त्यावर प्लास्टिक. या रचनेला बोडेन केबल म्हणतात. अर्नेस्ट बोडेन यांच्या नावावर तिचं ब्रिटिश पेटंट आहे, १८९६ सालचं. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली आणि आजही स्कूटरच्या क्लचपासून बॉनेटपर्यंत ती तशीच चाललीय.

यातली गंमत नीट समजून घ्या, कारण निम्मं निदान तिच्यातच आहे. आपल्याला वाटतं की काम आतली तार करते. पण तार ओढली जात असताना आउटर दाबलं जात असतं. त्याची दोन्ही टोकं जागच्या जागी घट्ट बसलेली असतील तरच तारेची ओढ पलीकडे पोचते. एक टोक ब्रॅकेटमधून निसटलं की तुम्ही लेव्हर कितीही ओढा, आउटरच वाकतं, सरकतं आणि लॉक ढिम्म राहतं. तार शाबूत असते, लोक मात्र "केबल तुटली" म्हणून मोकळे होतात. पाच मिनिटांचं काम असतं हे. आउटर परत खाचेत बसवायचं आणि तिथली क्लिप बदलायची.

मारुती ८००, झेन, सँट्रो अशा आपल्याकडच्या जुन्या छोट्या गाड्यांमध्ये साधारण मार्ग असा: चालकाच्या बाजूला डॅशबोर्डखाली लेव्हर. तिथून केबल इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून, एका रबरी ग्रोमेटमधून पुढे जाते. मग मडगार्डच्या आतल्या कडेने समोर, आणि रेडिएटरच्या वरच्या आडव्या पट्टीवर जे लॉक असतं तिथे संपते. बॉनेटच्या खालच्या बाजूला एक जाड कडी असते. बॉनेट आपटलं की ती लॉकमध्ये शिरते आणि खटका तिला धरून ठेवतो. लेव्हर ओढली की खटका बाजूला होतो आणि स्प्रिंगच्या जोराने बॉनेट दोन बोटं वर येतं. त्यानंतर आपण फटीत बोटं घालून जी पट्टी दाबतो किंवा सरकवतो, तो सेफ्टी कॅच. त्याचा या केबलशी काहीही संबंध नाही. पहिलं लॉक चुकून सुटलंच तर बॉनेट उडू नये म्हणून ठेवलेला तो दुसरा राखणदार आहे. त्याचा विषय शेवटाकडे पुन्हा येईल.

केबल झिजते कुठे? मधल्या सरळ भागात फारसं काही होत नाही. जिथे ती वळते तिथे आणि दोन्ही टोकांना होतं. लेव्हरपाशी तार दर वेळी एकाच ठिकाणी वाकते, मग एकेक पदर तुटायला लागतो. सात-आठ पदर तुटेपर्यंत बाहेरून काहीच कळत नाही. पुढे लॉकपाशी वेगळा त्रास असतो. समोरच्या जाळीतून पावसाचं पाणी, चिखल, धूळ सगळं तिथेच येतं. आउटरचं प्लास्टिक उन्हाने आणि इंजिनच्या उष्णतेने तडकलेलं असेल तर पाणी आत शिरतं आणि पोलादी वेटोळं गंजतं. गंज फुगतो, आतली जागा कमी होते, तार घासायला लागते. किनाऱ्यालगतच्या गाड्यांमध्ये खाऱ्या हवेने हे लवकर होतं. आणि आठवड्यातून एकदा निघणाऱ्या, कव्हरखाली उभ्या असलेल्या लाडक्या गाड्यांमध्येही होतं, कारण त्यांचं बॉनेट महिनोन्महिने उघडलंच जात नाही.

पण माझं ठाम मत सांगू? बहुतेक वेळा केबल स्वतःहून मरत नाही. तिला लॉक मारतं. लॉकमधलं जुनं ग्रीस सुकून, त्यात धूळ मिसळून मेणासारखं घट्ट होतं. खटका सहज फिरायला हवा तो अडकून बसतो. मग आपण लेव्हर जोरात ओढतो आणि तो सगळा जोर त्या बारीक तारेवर, तिच्या टोकाच्या धातूच्या गोळीवर आणि लेव्हरच्या प्लास्टिकवर येतो. या तिघांतलं जे कमकुवत ते आधी जातं. तेवढंच बदलून बॉनेट बंद केलं तर नवी केबलही काही वर्षांत त्याच वाटेने जाते. म्हणून गॅरेजवाल्याने "केबल टाकली, झालं काम" म्हटलं की मी विचारतो, लॉक साफ केलं का?

लक्षणं अशी असतात. लेव्हर पूर्वीपेक्षा जड लागते. किंवा ओढल्यावर ती आपसूक परत जात नाही, हाताने ढकलावी लागते. किंवा घरात पद्धतच पडून जाते की एकाने बाहेर बॉनेट दाबायचं आणि दुसऱ्याने आत लेव्हर ओढायची. या शेवटच्या प्रकाराची लोकांना सवय होते, "आमच्या गाडीची हीच स्टाइल आहे" म्हणतात. ती स्टाइल नाही. बॉनेट दाबल्यावर लॉक सुटतं याचा अर्थ कडी खटक्यावर नको तितक्या ओढीने बसलीय. बॉनेटखालची रबरी बटणं जास्त वर आली असतील, छोट्या धडकेनंतर बॉनेट नीट जुळवलं नसेल, किंवा लॉक सुकलं असेल. ही तिन्ही दुखणी केबलची नाहीत.

तपासायचं कसं? बॉनेट उघडंच ठेवा. जाड स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि कडी जशी लॉकमध्ये शिरते तसं त्याच्या दांड्याने खटका खाली दाबून लॉक बंद करा. आता कुणाला तरी लेव्हर ओढायला सांगा आणि तुम्ही लॉककडे बघा. खटका पूर्ण बाजूला होतोय की अर्ध्यात थांबतोय? आउटरचं टोक हलतंय का? मग केबलचं टोक लॉकमधून सोडवा आणि खटका बोटाने किंवा पकडीने फिरवून बघा. तो जड असेल तर दोष लॉकचा. तो हलका असेल आणि सुटी केबल ओढताना खरखर लागत असेल तर दोष केबलचा. जुन्या गाडीत बहुधा दोन्ही थोडे थोडे सापडतात. एक मात्र नक्की करा: तपासणी संपली की बॉनेट लावायच्या आधी लॉक परत उघडं आहे ना, ते डोळ्यांनी बघा. बंद लॉकवर बॉनेट आपटलं तर कडी वाकते.

आता त्या कोकणातल्या गाडीकडे येऊ. बॉनेट बंद, लेव्हर सैल. मी त्यांना फोनवर पहिली गोष्ट सांगितली ती ही की पुढून काही करू नका, सुरुवात आतून करा. लेव्हरचे स्क्रू काढून ती खाली घ्यायला लावली. मागे काय दिसलं? तारेच्या टोकाची गोळी निघून आलेली, आणि आउटरमधून तारेचे विस्कटलेले चार-पाच पदर बोटभर बाहेर. म्हणजे तार पलीकडे लॉकला अजून जोडलेली होती! मग काम सोपं होतं. आउटर एका हाताने ब्रॅकेटवर घट्ट धरायचं (हे विसरलात तर सगळंच सरकतं), तारेचं टोक पकडीत घट्ट आवळायचं आणि सरळ रेषेत ओढायचं, झटका द्यायचा नाही. त्याच वेळी त्यांच्या मुलाने बाहेर बॉनेटच्या मध्यभागी, लॉकच्या बरोबर वर, तळव्याने दाब दिला. तिसऱ्या प्रयत्नात उघडलं. जाळी शाबूत राहिली. आणि लॉकचा फोटो त्यांनी पाठवला तो बघण्यासारखा होता. ग्रीस काळं पडून डांबरासारखं झालेलं. केबल का तुटली याचं उत्तर त्या फोटोतच होतं.

तार लॉकच्या बाजूला तुटली असेल तर मात्र आतून काही होत नाही. मग मडगार्डखालून केबलपर्यंत हात पोचतो का बघायचं, किंवा खालून, नाहीतर जाळीच्या फटीतून लांब स्क्रू ड्रायव्हरने किंवा आकडा केलेल्या जाड तारेने खटका सरकवायचा. तो कुठल्या बाजूला सरकतो हे आधी माहीत असलं पाहिजे. तशाच दुसऱ्या गाडीचं उघडं बॉनेट बघून घ्या, पाच मिनिटांत डोक्यात बसतं. इथे दोन गोष्टींवर मी अजिबात तडजोड करत नाही. इंजिन पूर्ण थंड असलं पाहिजे आणि चावी काढलेली पाहिजे. काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा चावी बंद असतानाही सुरू होतो आणि बॉनेट बंद असताना बॅटरीची तार काढता येत नाही, म्हणून हात पंख्याच्या जवळ जाईल अशा वाटेने जाऊच नका. दुसरी गोष्ट, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही. रॅम्प किंवा स्टँड नसेल तर गाडी गॅरेजमध्ये न्या. बॉनेट बंद असलं तरी गाडी चालतेच की.

आणि धूर येत असेल तर यातलं काहीच करायचं नाही. चावी बंद, सगळे बाहेर, लांब. आग लागलेली असताना बॉनेट सताड उघडलं की हवा मिळून भडका उडतो.

नवी केबल घेताना जुनी सोबत न्या. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला गेलात तर दुकानदार मॉडेल विचारून एक काढून देईल, पण जुनीला शेजारी ठेवून तीन गोष्टी मापून घ्या: आउटरची लांबी, दोन्ही टोकांना बाहेर राहणारी तार, आणि टोकाच्या गोळीचा आकार. त्याच नावाच्या गाडीच्या आधीच्या आणि नंतरच्या मॉडेलमध्ये फरक असू शकतो. ऑनलाइन मागवणाऱ्यांनी स्टिअरिंग कुठल्या बाजूच्या गाडीची केबल आहे ते तपासावं. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत केबलचा मार्गच वेगळा, त्यामुळे लांबीही वेगळी असू शकते. लेव्हरचं प्लास्टिक पांढुरकं पडलं असेल, चीर दिसत असेल, तर तीही त्याच फेरीत घ्या. सायकलच्या ब्रेकची तार घालून काम भागवणारे असतात. रस्त्यावर अडलेल्याने एक दिवसापुरतं केलं तर ठीक, कायमचं मला पटत नाही, कारण टोकाची गोळी लॉकच्या खाचेत बरोबर बसत नाही.

बदलायचं काम तासा-दीड तासाचं आहे, घाई नको. बॉनेटला त्याच्या दांडीचा टेकू नीट लावा. आधी मोबाइलवर केबलच्या पूर्ण वाटेचे फोटो काढा, प्रत्येक क्लिपचा. मग लॉकच्या बाजूचं टोक सोडवा. आता सगळ्यात उपयोगी युक्ती: त्या टोकाला दोन मीटर मजबूत सुतळी घट्ट बांधा आणि वर चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे गाठ कुठे अडकणार नाही. क्लिपा सोडवत या, आत लेव्हर काढा, ग्रोमेट सैल करा आणि जुनी केबल केबिनच्या बाजूने ओढून घ्या. केबल आत आली की तिच्या वाटेवर सुतळी उरते. सुतळीचं आतलं टोक नव्या केबलला बांधा आणि पुढून हळूहळू ओढा. डॅशबोर्डखाली उताणं पडून अंधारात भोक शोधायचं काम वाचतं. मान अवघडते ती अवघडतेच, त्याला इलाज नाही.

नवी केबल टाकताना वळणं मोठी ठेवा. तारेला कोपरा आवडत नाही. एक्झॉस्टच्या जवळून, पट्ट्याजवळून किंवा बॅटरीच्या टोकाजवळून नेऊ नका, जुन्या क्लिपांच्याच जागा वापरा. ग्रोमेट नीट बसला नाही तर पावसाळ्यात चालकाच्या पायाखाली पाणी येतं, आणि मग लोक काचेचं रबर बदलत बसतात.

केबल जोडायच्या आधी लॉकची पाळी. गंज सोडवणारा स्प्रे, जुना टूथब्रश, चिंधी. काळं सगळं निघेपर्यंत घासा, खटका आणि स्प्रिंग मोकळी फिरू द्या, सेफ्टी कॅचही त्यातच साफ करा. वाळलं की ताजं ग्रीस लावा, थोडंच. नुसता स्प्रे मारून सोडून देऊ नका. तो पातळ असतो, काही दिवसांत उडून जातो आणि जे थोडंफार ग्रीस उरलेलं असतं तेही धुऊन नेतो.

आता जोडणी. इथे लोक एक गोष्ट उत्साहात करतात: केबल जितकी ताठ तितकं चांगलं असं समजून ती ओढून बसवतात. तसं करू नका. लेव्हर आपल्या जागी असताना तारेला दोन-तीन मिलिमीटर ढील हवीच. ती नसेल तर खटका पूर्ण मिटत नाही, अर्धवट धरतो. बॉनेट लागलेलं दिसतं, आवाजही येतो, आणि हायवेवर एका खड्ड्यात ते सुटू शकतं. ढील फार झाली तर उलट, लेव्हर पूर्ण ओढूनही खटका सुटत नाही. काही गाड्यांत आउटरच्या टोकाला नट देऊन किंवा लॉकच्या बोल्टांच्या लांबट भोकांत लॉक सरकवून हे जुळवता येतं.

जुळवलं की पुन्हा तो स्क्रू ड्रायव्हर. बॉनेट उघडं ठेवूनच लॉक बंद करा, लेव्हर ओढा, सुटतंय का बघा. असं किमान दहा वेळा. हे न करता बॉनेट लावलं आणि केबल निसटली तर तुम्ही पुन्हा त्या कोकणातल्या गाडीच्या जागी आलात. दहाही वेळा सुटलं तर वीतभर उंचीवरून बॉनेट सोडा. दोन्ही तळहातांनी दाबून लावू नका, पत्र्याला पोचे येतात. मग लेव्हर ओढा: बॉनेट थोडं वर येऊन सेफ्टी कॅचवर थांबलं पाहिजे. हाताने वर उचलून बघा, कॅचने धरून ठेवलं पाहिजे. धरत नसेल तर केबल कितीही नवी असो, गाडी हायवेवर नेऊ नका. तो कॅच आधी दुरुस्त करा.

जाता जाता दोन गोष्टी. मद्रासमध्ये बनणाऱ्या स्टँडर्ड हेराल्डला ही भानगडच नव्हती. दोन्ही बाजूंना बाहेरून खटके, ते सोडले की गाडीचा अख्खा पुढचा भाग मडगार्डांसकट पुढे झुकायचा. दुरुस्तीला स्वर्ग! पण बाहेरून उघडतं म्हणजे कुणालाही उघडतं. बॉनेटची किल्ली केबिनमध्ये आणली ती अशासाठी की गाडी बंद करून गेलात तर बॅटरी जागेवर राहावी.

दुसरी, माझी स्वतःची सवय. वीस वर्षांपुढच्या गाडीत मी लॉकच्या खटक्याला एक बारीक स्टीलची तार बांधून ठेवतो आणि तिचं टोक जाळीच्या आत, खालून हात घातला तर सापडेल अशा जागी लपवतो. मुख्य केबल तुटली तर ती ओढायची. तार सैल हवी, पंख्यापासून लांब हवी, आणि टोक बाहेरून दिसता कामा नये, नाहीतर चोराचीच सोय. मला काही मेकॅनिकांनी यावरून वेड्यात काढलंय. पण पावसाळा संपल्यावर, दसऱ्याला गाडी धुऊन हार घालतो ना, तेव्हा बॉनेट उघडून लॉकवर ग्रीसचं बोट फिरवतो आणि ही तारही एकदा ओढून बघतो.

श्रोत्यांची गाडी आरटीओत पास झाली, हे सांगायचं राहिलं. पुढच्या भागात हँडब्रेकची केबल घेऊ. ती याच जातीची आहे, पण चढावर उभी राहिल्यावर तिचा स्वभाव वेगळा असतो. तुमच्या गाडीत काय अडकलंय ते व्हॉइस मेसेजवर कळवा, आणि मेसेज करताना मॉडेलचं साल नक्की सांगा. भेटू.